थोरलीला माहेरी धाडा

थांबा, आधी हे सांगून टाकते: देवी माझ्या अंगात कधीच आलेली न्हाई. एकदासुद्धा न्हाई! आणि हे लिहायला दुपार मोकळी मिळती ती त्याच देवीच्या किरपेनं, कारण सगळं घर वावरात भाताच्या रोपासाठी राब भाजायला गेलंय आणि मला कशाला हात लावू देत न्हाईत. भोरला संस्थानच्या शाळेत चार इयत्ता झाल्यात माझ्या. या घरात वाचता येणारं दुसरं कुणी न्हाई, म्हणून बिनघोर लिहिते. तरी नावं कुणाची घालत न्हाई. उगा कशाला.

तर माझी थोरली जाऊ. तिचं माहेर गुंजवण्याला, आमचं घर विंझरच्या वरल्या अंगाला. म्हणजे सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला पोचावं, एवढंच. पण तिचा बाप गेला तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "भाताची झोडणी होऊ दे, मग जा." झोडणी झाली, जाऊ गेली, तर दहावा उरकून लोक घरी गेलेले. त्या दिवसापासनं ती गप्पच झाली. मी लगीन होऊन आले ते त्याच्यानंतर, मला वाटायचं हिचा सोभावच असा.

मग ऐन नवरात्रात नसरापूरच्या बाजारावरनं येताना एक बाई सांगत आली, "तुझी आई हातरुणाला खिळलीय गं. तोंडात पाणी घेईना. नुसतं तुझं नाव घेती." जावेच्या हातात तांब्या होता, तो तिनं खाली ठेवला आणि आत्याबाईंकडं बघितलं.

"कापणी तोंडावर आलीय," आत्याबाई म्हणाल्या. "कापणी होऊ दे, मग बघू."

झालं! बापाच्या येळंला झोडणी, आईच्या येळंला कापणी. जाऊ परत भांडी घासायला बसली, आणि एकच पातेलं घासत राहिली, घासत राहिली. मला बघवंना.

सातव्या माळेची आरती. संबळ वाजत होतं, धूप असा की समोरचं दिसंना, आणि आमच्याकडं आरतीला बाया घुमतात हे मी लहानपणापासनं बघितलेलं. माझं काय ठरलेलं नव्हतं हो, खरंच सांगते! एकदम केसाचा आंबाडा सुटला (म्याच सोडला) आणि मी घुमायला लागले. आवाज कुठनं काढला मलाच ठावं न्हाई.

"थोरलीला माहेरी धाडा! उद्याच्या उद्या धाडा! न्हाईतर मी या घरात ऱ्हायाची न्हाई!"

आत्याबाई आडव्या पडल्या पायाशी. माझ्या पायाशी! सकाळीच मला भाकरी जाड थापली म्हणून बोलल्या होत्या.

पण आमच्या गावात एक म्हातारी आहे, वारं खरं का खोटं ते बघणारी. तिनं कापराची वडी माझ्या तळहातावर ठेवली आणि पेटवली. खरी देवी असंल तर हात हलत न्हाई. मी जावेच्या तोंडाकडं बघत राहिले. हात न्हाई हलवला. फोड आला तो दुसऱ्या दिवशी पदराखाली लपवला.

आणि जाऊ गेली! बैलगाडी जुंपून धाडली तिला. तिच्या हातची पेज आईच्या पोटात गेली, आई उठून बसली. जाऊ परत आली ती हसतच. इहिरीवर मला म्हणाली, "खरं सांग, आली व्हती का गं देवी?"

"न्हाई."

"वाटलंच. देवीला पातेल्याचं काय ठावं." आणि इतकी हसली की कळशी इहिरीत सोडली.

मला वाटलं, संपलं. अहो, तिथनंच तर सुरू झालं.

दर मंगळवारी लोक यायला लागले. कुणाची म्हैस हरवली. म्या म्हणलं, वढ्याच्या खालच्या अंगाला बघा. सापडली, सगळ्या म्हशी तिथंच जातात! पण बोभाटा विंझरपर्यंत झाला. एक बाई तापानं फणफणलेलं पोर घेऊन आली. त्याला अंगारा लावू? आणि ते मेलं तर? मी घुमत घुमत ओरडले, "भोरच्या दवाखान्यात ने! आत्ता ने!"

आत्याबाई मागनं कुजबुजल्या, "देवी दवाखान्याचं नाव घेती?"

"मला सगळं ठावं हाय!" म्या दरडावलं. पोर वाचलं, आणि पुढच्या मंगळवारी दुप्पट माणसं.

जावेसाठी मात्र म्या एक काम करून घेतलं. देवी म्हणाली की दर पुनवेला थोरलीनं आपल्या आईला अंगारा नेऊन द्यायचा. तवापासनं दर पुनवेला जाऊ गुंजवण्याला जाती. कुणाची टाप न्हाई अडवायची.

आणि मी? अंगात येतं त्या बाईनं पहिलं वरीसभर गावाची शीव ओलांडायची न्हाई, अशी चाल आहे या गावात. मला ठावंच नव्हतं! मी भोरकडली, तिकडं असलं काय नव्हतं ऐकलेलं. दिवाळी गेली. संक्रांत गेली. शेजारणीच्या चुलीवरचं खायचं न्हाई, वावरात जायचं न्हाई, कुणासंगं हसायचं न्हाई. पोरीबाळी माझ्याशी खेळायच्या त्या आता लांबनं हात जोडतात. कोंबडी पाटीखाली डालून ठेवल्यागत झालंय. फरक इतकाच, की कोंबडीला कुणी नारळ फोडत न्हाई.

माघात माझ्या धाकट्या बहिणीचं लगीन ठरलं. दादा न्यायला आला. ओसरीवर त्याचा आवाज ऐकून मी धावतच बाहेर आले, आणि दादानं वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या दादानं! ज्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. "दादा, मीच हाय रं," एवढंच म्हणायचं होतं. आत्याबाई शेजारी उभ्या. न्हाई म्हणता आलं.

"देवीला शीव वलांडता यायची न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्यासंगं साडी-चोळी धाडते."

दादानं मान हलवली. मंगळवार होता, पाट मांडलेला, लोक बसलेले. मी पाटावर बसणार इतक्यात जाऊ घुमायला लागली. केस मोकळे, डोळे मिटलेले.

"धाकटीला सोडलं म्या! थोरलीत आले! धाकटीला माहेरी धाडा!"

माझे शब्द मलाच परत! मला इतकं बरं वाटलं ना, काय सांगू, मनातल्या मनात मी शीव ओलांडलीसुद्धा. पण म्हातारी उठली. वडी जावेच्या तळहातावर ठेवली, पेटवली. आणि जावेचा हात थरथरायला लागला. बोटं मिटायला लागली. हात मागं गेला की सगळं उघडं पडणार होतं, तिचंही, माझंही. मग कुठली पुनव आणि कुठली आई.

म्या झडप घातली. पेटती वडी तिच्या हातावरनं माझ्या हातावर घेतली आणि किंचाळले, "मी हितंच हाय! कुठं जात न्हाई! ही माझी लेक, मला शोधत आली! हिला कोण खोटी म्हणंल त्याचं बघते मी!"

सगळे आडवे झाले. दादासुद्धा. नंतर तो साडी-चोळी घेऊन एकटाच उताराला लागला, आणि मी केसाच्या आडनं बघत राहिले, पार दिसंनासा होईस्तोवर.

दसऱ्याला वरीस भरंल म्हणतात. पण आत्याबाईंनी आत्ताच सुताराकडनं माझ्यासाठी नवा पाट करून घेतलाय, शिसवीचा. एका वरसासाठी कुणी शिसवी वापरतं का?

लगीन झाल्यावर आईनं बाजारकऱ्याच्या हाती बहिणीच्या अंगाची हळद धाडली, पानात बांधून. आत्याबाईंनी ती वर फळीवर ठेवली. देवीला दुसऱ्याच्या अंगाची हळद चालत न्हाई. जावेनं ती गुपचूप काढली, माझा तळहात मांडीवर घेतला आणि भाजल्या जागी लावायला लागली.

"झोंबतंय?"

"लई."

"मग रड की गं."

"आज न्हाई. लोक आल्यात," म्या म्हणलं, आणि केस सोडत बाहेर गेले.