मी न वाचलेली पाटी

आई माझ्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आली की मी तिचा दुभाषा होतो. इंग्रजी तिला येतं, पण पाट्यांवरचं बारीक, शास्त्रीय इंग्रजी नको वाटतं. आणि पाटी तर ती एकही सोडत नाही. तीन वर्षांपूर्वी तिला कॅलिफोर्निया दाखवायला नेलं, तेव्हा धरण, देवमाशाचा सांगाडा, पुरातन झाडं, सगळ्यांच्या पाट्या मी तिला वाचून दाखवल्या. वाचून म्हणजे, पहिले दोन दिवस वाचून. पुढे मी पाटीकडे तोंड करून उभा राहायचो आणि मनाला येईल ते सांगायचो. हातात फोन, फोनात ऑफिस. कुणाचं काय बिघडत होतं?

प्राणिसंग्रहालयात कोआला निलगिरीच्या बेचक्यात बसून गाढ झोपला होता.

"झोपेत पडत कसा नाही रे हा?" आईने विचारलं.

"शेपटीने फांदीला धरतो," मी मान वर न करता म्हणालो. "अडीच वेढे घालतो. झोप लागली की ते आपोआप आवळतात."

"शेपूट दिसत नाही ती."

"मागच्या बाजूला आहे. लिहिलंय ना इथे."

"बाबा, दॅट्स नॉट व्हॉट इट सेज," दहा वर्षांची माझी मुलगी म्हणाली. मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

पुण्याला परतल्यावर आईने तिच्या ज्येष्ठ नागरिक संघात अमेरिकेवर भाषण केलं. संघातली प्रश्नमंजुषा वर्षानुवर्षं आईच घ्यायची, हातात कागद न धरता. त्यामुळे लोक मान देऊन ऐकत होते. अडीच वेढ्यांपाशी जीवशास्त्राचे एक निवृत्त सर उठले. "वहिनी, कोआलाला शेपूट नसते हो. माकडाशी घोळ झाला तुमचा." सगळे हसले.

"माझाच घोळ झाला असणार," आईने मला फोनवर सांगितलं. "तू तर वाचूनच सांगत होतास."

"असेल," मी म्हणालो. तेवढंच.

तिची थोरली बहीण, माझी मावशी, याच वयात विसरायला लागली होती. शेवटी तिने आईलाही ओळखलं नाही. आईला आता तीच धास्ती बसली. तिने आधी प्रश्नमंजुषा सोडली, मग संघ. गॅस बंद केला की वहीत लिहून ठेवू लागली. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं, तर डॉक्टर बदलला. आणि मी? मी व्हिडिओ कॉलवर तिला रोज सात बदाम भिजवून खायला सांगत होतो. स्मरणशक्तीसाठी.

या हिवाळ्यात ती म्हणाली, "मला ओळखता येतंय तोवर एकदा येऊन जा."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "आई, घोळ तुझा नव्हता. मी ती पाटी वाचलीच नव्हती."

तिने एवढंच विचारलं, "काय लिहिलं होतं पाटीवर?"

आम्ही तिथे काढलेल्या एका फोटोत ती पाटी मागे आली होती. मी फोटो मोठा केला आणि पहिल्यांदाच वाचली. कोआलाच्या पुढच्या पंजाला दोन अंगठे, म्हणून पकड घट्ट. तळवे खरखरीत, नखं अणकुचीदार. पाठीचा कणा बाकदार, त्याच्या टोकाला कूर्चेची गादी आणि बुडावर दाट केस, बेचक्यात तासन्‌तास बसता यावं म्हणून. शेपटीचा नुसता खुंट.

"आणि त्या धरणाचे एकशे आठ दरवाजे?"

"माझेच."

"देवमाशाची दोन हृदयं?"

"तीही."

ती एकेक पाटी विचारत गेली, ज्या क्रमाने पाहिल्या त्याच क्रमाने. आकडे, नावं, मी भरीला घातलेले विनोदसुद्धा. तीन वर्षांनी, वही न उघडता. अकराव्या की बाराव्या पाटीला ती थांबली.

"सगळं आठवतंय की रे मला," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग नाक पुसून, "मेल्या, आणि वर बदाम खायला लावत होतास!"

गुरुवारी तिने मला संघात फोनच्या स्पीकरवर उभं केलं. इथे पहाटेचे पाच. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "वहिनी, मीही चारचौघांत बोलायला नको होतं." मला मात्र कुणी काही बोललं नाही. आईने त्यांना तेवढा वेळच दिला नाही. प्रश्नमंजुषेचा पहिला प्रश्न विचारायची तिला घाई झाली होती.