इन्शिराहचा उजवा डोळा

इन्शिराहचा उजवा डोळा पहिल्यांदा लवला तो धक्क्यावर, होडीचा तांडेल अराबी याच्या तोंडासमोर. नाईल जिथं समुद्राला मिळते त्या इझबत अल-बुर्ज गावात ती मासेमारीची जाळी सांधायची. नवरा काविळीनं गेल्यापासून तिचं आणि मुलाचं पोट याच सुईवर. त्या सकाळी सांधलेलं जाळं होडीवर चढवून देताना तिची पापणी आपोआप फडफडायला लागली.

"काय गं शहाताच्या आई, डोळा मारतेस होय मला? या वयात?" अराबी ओरडला. खलाशी खो खो हसले. तीही हसली.

तीन दिवसांनी होडी परतली तेव्हा अराबीचा डावा हात मनगटापासून गेला होता. जाळं ओढायच्या यंत्रात सापडला होता.

तेव्हा कुणी दोन्हींचा संबंध जोडला नाही. पण डोळा थांबेना. महिन्याभरात फडफड गालावर उतरली, वर्षभरात ओठाचा कोपरा कानाकडे ओढला जाऊ लागला. झोपेतसुद्धा अर्धा चेहरा नाचायचा. पुढं एका होडीचं इंजिन जळालं, त्या खलाशांनी सकाळी हिचं तोंड पाहिलं होतं. शेजारच्या गल्लीतला एक म्हातारा गेला, त्याच्याही दारात ही आदल्या दिवशी उभी होती. गावानं बेरीज केली. ती येताना दिसली की तांडेल होडीच्या पलीकडच्या अंगाला जात. शेजारीण बदीआ, जिच्याबरोबर ती वीस वर्षं एका पायरीवर बसून चहा प्यायली होती, ती आता दार लोटून घेई.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते मुलाचं बोलणं. शहाता चोवीस वर्षांचा, सब्रीच्या होडीवर खलाशी. सब्री म्हणजे बदीआचा नवरा. एका पहाटे बूट चढवताना तो खाली मान घालून म्हणाला, "आई, मी निघताना दारात नको येऊस. मला काही वाटत नाही गं. बाकीचे बघतात."

"नाही येणार," ती म्हणाली, आणि आत जाऊन उजव्या गालावर तळहात दाबून बसली. तळहाताखाली तो काही ऐकेना. हळूहळू तिलाही वाटायला लागलं, की या डोळ्याला खरंच पुढचं काही कळत असेल. फडफड वाढली की ती समुद्राकडं बघायची आणि शहाताची होडी शोधायची.

भावाची मुलगी रिहाब मन्सुराच्या इस्पितळात नर्स होती. ती ईदला आली आणि आत्याचा चेहरा, कोपऱ्यात दृष्ट काढायला जाळलेला धूप बघून भडकलीच. "पाच वर्षं झाली? आणि धूप कसला जाळतेस, आत्या? हा आजार आहे. याला नाव आहे."

तिच्या इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, बोलायला साधा. त्यानं कागदावर रेघ काढली. "ही चेहऱ्याची नस. कानामागं, मेंदूतून निघते तिथं एक रक्तवाहिनी तिला टेकलीय. प्रत्येक ठोक्याला घासते, म्हणून चेहरा ओढतो. पापणीत इंजेक्शन देता येईल, पण दर तीन-चार महिन्यांनी यावं लागेल. नाहीतर कानामागं लहान भोक पाडून दोघींच्या मध्ये एक मऊ बोळा ठेवायचा."

"आणि बिघडलं तर?"

"त्या कानानं ऐकू येणं जाऊ शकतं. चेहरा लुळा पडू शकतो. क्वचित जिवावरही बेततं. मी खोटं सांगणार नाही."

"म्हणजे याला पुढचं काही दिसत नाही?" तिनं डोळ्याकडं बोट केलं.

डॉक्टरला प्रश्न कळलाच नाही. रिहाबनं आत्याचा हात दाबला.

ऑक्टोबरात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा चेहरा अजून ओढतच होता. उजवीकडचं जग मात्र मुकं झालं होतं. रिहाब त्या बाजूनं हाका मारत होती आणि हिला फक्त ओठ हललेले दिसत होते. "चेहऱ्याला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात फडफड विरळ झाली. नोव्हेंबरच्या मध्याला एक दिवस आरशात चेहरा पाण्यासारखा स्थिर दिसला. ती बराच वेळ बघत राहिली. तिला स्वतःची थोडी भीती वाटली.

गाव मात्र खुलं झालं. बदीआ शेंगदाणे घातलेला शिरा घेऊन आली. तांडेल पुन्हा तिच्याकडं जाळी टाकू लागले. एवढंच नाही, निघण्याआधी मुद्दाम तिच्या दारावरून जाऊ लागले. हे तिला आवडलं नाही.

डिसेंबरात तपासणीसाठी मन्सुराला जायचं होतं. तिच्याबरोबर जायला शहातानं सब्रीकडून त्या फेरीची सुट्टी घेतली. सकाळी सब्री दारात थांबला, वाकून तिचं तोंड बघितलं आणि हसला. "काही हललं नाही! चला रे, आज समुद्र आपला आहे."

"सब्री, आभाळ बघ, माझं तोंड काय बघतोस?"

"आभाळ खोटं बोलतं, वहिनी." आणि तो गेला.

दर डिसेंबरात ठरल्या दिवसांत येणारं, खलाशी ज्याला कासिमचं म्हणतात ते वादळ त्या वर्षी दोन दिवस आधी आलं. मन्सुराच्या बसस्टँडवरच पत्रे उडत होते. दोघं परतली तेव्हा धक्क्यावर बायका उभ्या होत्या. सब्रीच्या होडीचा आवाज रेडिओवर दुपारीच तुटला होता. सातव्या दिवशी किनाऱ्याला त्या होडीच्या निळ्या फळ्या लागल्या. माणसं सहा होती, सापडली दोन. सब्री सापडला नाही.

इन्शिराह बदीआकडं बसायला गेली. बदीआ तिच्या उजव्या अंगाला बसली होती. काहीतरी बोलत होती. इन्शिराहला कळेना बायका अचानक गप्प का झाल्या. मग बदीआ उठली, समोरून फिरून डावीकडं आली आणि कानाशी वाकून पुन्हा बोलली.

"ती फडफड काढून का टाकलीस? डोळा लवला असता तर माझा माणूस समुद्रावर गेला नसता. तुझा पोरगा मात्र घरी राहिला."

"बदीआ, शीर घासत होती गं नुसती. त्याला कधीच काही कळत नव्हतं."

"ते तू म्हणतेस."

इन्शिराह उठली नाही. चाळीस दिवस रोज जाऊन बसली. कुणी चहा दिला नाही तर स्वतः घेऊन गेली. पोटाचा प्रश्न आला तेव्हा बदीआ सुई शिकायला तिच्याकडंच आली. आता दोघी अंगणात समोरासमोर बसून जाळी सांधतात. शहाता दुसऱ्या होडीवर लागलाय. तो निघतो त्या सकाळी बदीआची सुई थांबते. ती मान वर करते, इन्शिराहच्या उजव्या पापणीकडं टक लावून बघते, आणि पुन्हा दोऱ्याला गाठ मारते.