मंगलनं काढलेला माग

मंगलच्या धाकट्या भावाचा, बिरूचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या बाजारात भाजी घेत होते. "अंजूताई, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. मागं मेंढरांचा आवाज येत होता. मी हातातली मेथीची जुडी तशीच परत ठेवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. मंगल आजारी होती हे मला ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी सांगलीला भेटून आले होते. तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि मला सांगत होती, की डॉक्टरांच्या तोंडावर जे दिसतं ते त्यांच्या कागदावर लिहिलेलं नसतं. हसली होती. म्हणून वाटलं होतं, अजून वेळ आहे... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल चार ओळी लिहायला बसले, तर रडू येण्याआधी अभिमानच दाटून येतो आहे. त्याला मी काय करू?

मंगल कवठे महांकाळकडची. घर धनगराचं. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण खरा संसार मेंढरांवर. दिवाळी झाली की तिचे वडील, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरं घेऊन पश्चिमेला निघत. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना शेतात मेंढरं बसवून हवी असत, खतासाठी. एका शेतातून दुसऱ्या शेतात, एका गावाहून पुढच्या गावाला, असं करत पावसाच्या तोंडाला घरी परत. या फिरत्या बिऱ्हाडाला त्यांच्यात 'वाडा' म्हणतात. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायला आलो तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. मी वाईची, वाडा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दगडी जोतं यायचं. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आमचा वाडा चालतो." मला वाटलं चेष्टा करते आहे.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना तिचे आजोबा वारले. घरून निरोप आला, मंगल गावी गेली. पण अप्पा कुठे आहेत हे कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणे आष्ट्याला, कुणी म्हणे तिथून हलले. दोन चुलते दोन दिशांना एसटीनं गेले. अप्पांना निरोप मिळाला तोवर माती होऊन गेली होती. ते घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलं न्हाई." त्या वाक्यात राग नव्हता, असं मंगल सांगायची. राग असता तर बरं झालं असतं. ती वसतिगृहावर परत आली. मग एकदा जेवताना मधेच म्हणाली, "एवढा मोठा कळप, घोडी, कुत्री, माणसं... आणि हे सगळं हरवतं कसं गं?"

कॉलेज संपल्यावर मी साताऱ्याला मामांच्या कारखान्याच्या ऑफिसात लागले. मंगल सांगलीतच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागली आणि माधवनगरला सुलभाकाकूंच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेऊन राहिली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट हा शब्द वर्तमानपत्रात होता, आमच्या गावांत जेमतेम पोचत होता. क्लासनं टाकून दिलेल्या मशीनचे भाग जमवून तिनं खोलीत एक कॉम्प्युटर उभा केला. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम चढवली. कितीदा ते अर्ध्यात बंद पडलं असेल, आणि कितीदा वीज गेली असेल, पण ती पुन्हा पहिल्यापासून बसायची. तिच्या नावानं अर्ज करून ठेवलेलं टेलिफोन कनेक्शन एकदाचं मिळालं, ते तिनं मॉडेमला दिलं, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणाऱ्या डबीला. स्वतःला बोलायला ती खाली काकूंचाच फोन वापरायची. कुणीही मॉडेमवरून तिचा नंबर फिरवला की समोरून किंचाळल्यासारखा आवाज यायचा, जोडणी व्हायची आणि ब्राउझरमध्ये एक साधं पान उघडायचं. त्या पानाचं नाव 'वाडा'. देवनागरी जमत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. वरच्या ओळीत वाडा आज कुठे आहे ते, अप्पा बूथवरून काकूंच्या फोनवर कळवतील तसं. खालच्या ओळीत मेंढरं कशी आहेत, माणसं कशी आहेत. आणि सगळ्यात शेवटी, जवळजवळ लाजत घातलेली एक ओळ, तिची स्वतःची. 'मंगल बरी आहे. आज वर्गात कुणालाच काही समजलं नाही, मलासुद्धा.'

बिरूनं एकदा उत्साहानं बूथवरून चुकून त्या मॉडेमच्याच नंबरला फोन लावला. कानात ती किंचाळी गेल्यावर तो ओरडला, "आरं, कोण कोकलतंय?" आणि फोन ठेवून दिला. पुढे तो अप्पांना सांगत होता म्हणे, की अक्काच्या खोलीत काहीतरी हाय, आपण जायचं न्हाई.

तेव्हा बाहेरच्या देशातल्या कंपन्या इंटरनेटवर फुकटात जागा द्यायच्या, तिथं पान ठेवता आलं असतं. मी तिला तसं सुचवलं होतं. ती म्हणाली, "आपण कुठं आहोत हे सांगायला परक्याचं दार कशाला? आपल्या घरात ठेवू. बंद पडलं तर आपल्याला कळेल तरी का पडलं ते." आणि दुसरी एक गोष्ट तिनं केली, जिचं महत्त्व मला तेव्हा अजिबात समजलं नव्हतं. पान बदललं की जुनं पुसलं जायला नको, म्हणून तिनं ते एका प्रोग्रामच्या ताब्यात दिलं होतं. मोठमोठे प्रोग्राम लिहिणारे लोक आपापल्या कामाच्या आवृत्त्या सांभाळायला तो वापरत. फाईल बदलली की तो जुनी तशीच आत ठेवायचा, तारखेसकट, आणि विचारायचा की हा बदल का केला. बहुतेक लोक तिथं काहीतरी टाकून पुढे जात. मंगल मात्र त्या 'का'ला मनापासून उत्तर द्यायची. 'अप्पांचा फोन आला.' 'पाणी आटलं म्हणून हलले.' 'शेतकऱ्यानं अजून एक मुक्काम राहा म्हटलं.' 'घोडीला शिंगरू झालं.' मी म्हटलं, चार ओळींच्या पानाला एवढा थाट? तर म्हणाली, "वाडा नुसता कुठंतरी नसतो अंजे. तो कुठनंतरी आलेला असतो."

सुरुवातीला ते पान वाचणारे किती, तर साताऱ्याला मी, पुण्यात तिचा मामेभाऊ आणि कवठे महांकाळच्या हायस्कूलातले गणिताचे एक सर. सर वाचून तिच्या आईला निरोप धाडायचे. बिरूला मात्र हे पटलं नव्हतं. एकदा मी माधवनगरला गेले असताना तो तिथंच होता.

"अक्का, समद्यांनी वाचलं तर चोरं येतील की. एक कोकरू न्ह्यायला काय लागतंय?"

"वाचणारी माणसं तीन हाईत रं."

"आज तीन. उद्या?"

मंगल त्याच्याशी भांडली नाही. म्हणाली, "बिरू खरं बोलतोय." त्याच आठवड्यात तिनं पानाचे दोन भाग केले. नंबर लावेल त्या कुणालाही 'वाडा बरा आहे' एवढंच दिसेल. मुक्काम कुठे ते बघायला परवलीचा शब्द. वाड्यावरच्या कुत्र्याचं नाव तिनं त्यासाठी निवडलं. ते घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक असणार! लहान भावाचं म्हणणं एवढ्या सरळपणानं मान्य करणारी मोठी बहीण मी दुसरी पाहिली नाही.

मग तो हिवाळा आला. मंगलच्या आईच्या पोटात दुखू लागलं. गावातल्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं, तिथं तपासून ऑपरेशन लगेच करावं लागेल असं ठरलं. आई खाटेवर आडवी, घामानं भिजलेली, आणि म्हणते काय, "ह्यांना बघितल्याबिगर मी आत जाणार न्हाई." डॉक्टर रागावले, नर्स समजावून थकल्या. सासऱ्यांच्या वेळची गोष्ट त्या बाईच्या मनातून गेली नव्हती. पानावर वाड्याचा मुक्काम होता पेठ वडगाव. बिरू त्या दिवसांत घरीच होता, तो तडक कोल्हापूरच्या बाजूला पेठ वडगावला गेला. सगळी शिवारं पालथी घातली. वाडा तिथं नव्हता, आणि आला होता असंही कुणी म्हणेना.

मंगल मिरजेहून माधवनगरला आली, ते मशीनपुढे बसायला. सुलभाकाकूंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. ती क्लासला असताना अप्पांचा फोन काकूंनी घेतला होता. अप्पा नुसतं 'वडगाव' म्हणाले होते. काकूंचं माहेर कोल्हापूरच्या बाजूचं, त्यांना एकच वडगाव माहीत. त्यांनी निरोपात 'पेठ' आपसूक घातलं. काकू बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. मंगल त्यांना म्हणाली, "काकू, चहा टाका," आणि तिनं मागची पानं काढायला सुरुवात केली.

साताऱ्याला माझ्या ऑफिसात फोन आला तो यानंतर. तिचा आवाज इतका शांत होता, की मला आधी वाटलं सगळं निवळलं.

"अंजे, नीट ऐक. मी मागली सगळी पानं बघितली. आष्टा, मग इस्लामपूर, मग कासेगाव. आणि कासेगावच्या पानावर, ते का हलले हे मी लिहिलंय. वरच्या अंगाला ऊस तुटलाय, तिथं चारा आहे. वाडा वर चाललाय. पेठ वडगाव मागं राहतं, खाली. मेंढरं एवढी उलटी फिरत नाहीत. हे कऱ्हाडजवळचं वडगाव आहे. तुला जवळ पडेल. जाशील?"

मामांची जीप काढली आणि माझ्या थोरल्या भावाला घेऊन मी निघाले. खरं सांगायचं तर कऱ्हाड येईपर्यंत माझा विश्वास नव्हता. चार ओळींच्या पानांवरून एक माणूस कसा शोधायचा? वडगावच्या अलीकडं रस्त्याच्या डाव्या हाताला तुटलेल्या उसाचं रान लागलं, आणि त्या रानात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसारखी मेंढरं पसरली होती. बांधावर घोडी बांधलेली, घोंगडी वाळत घातलेली. अप्पा एका कोकराच्या खुरातला काटा काढत बसले होते. मी मंगलची मैत्रीण असं सांगितलं, आईचं सांगितलं. ते उठले, कोकरू खाली सोडलं, हातातली काठी शेजारच्या गड्याकडं दिली आणि डोक्याचा पटका सारखा करून जीपमध्ये येऊन बसले. बरंच पुढे आल्यावर विचारलं, "तुमी मला कसं हुडकून काढलं?"

"मंगलनं सांगितलं."

"तिला कुणी सांगितलं? मी तर नुसतं वडगाव बोललो हुतो."

मी मला जमेल तसं सांगितलं. आधी कुठे, मग कुठे, का हललात, ते सगळं तिनं ठेवलंय. त्यावरून तिनं ओळखलं. अप्पा बाहेर बघत ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, ते मी आजही विसरले नाही. "म्हंजी पोरीनं माग काढला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा, मोठ्यानं, "आवं, माग काढला तिनं! घरात बसून!" धनगराच्या तोंडून याहून मोठी शाबासकी नसते हे मला पुढे कळलं. चुकलेल्या मेंढराचा माग ज्याला काढता येतो, तो त्यांच्यातला शहाणा.

मिरजेला पोचलो. आईनं डोळे उघडून नवऱ्याकडं पाहिलं. "आलासा व्हय?" आणि नर्सकडं वळून, "न्या मला आता." ऑपरेशन नीट झालं. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. त्या संध्याकाळी मंगलनं पानावर मुक्काम दुरुस्त केला. चुकीचं पान तिनं काढून टाकलं नाही. दुरुस्तीचं कारण लिहिलं, 'वडगाव कोणतं ते मी विचारलं नाही. यापुढे विचारीन.' काकूंचं नाव त्यात कुठे नव्हतं.

ही गोष्ट वाड्यावाड्यांवर गेली. पुढच्या दिवाळीनंतर दुसऱ्या वाड्यांचे लोक काकूंच्या फोनवर मुक्काम सांगू लागले. मंगल प्रत्येकाला विचारायची, कुठलं वडगाव, कुठलं नेर्ले, शेजारचं गाव कोणतं, का हलला. माडीवरच्या त्या एका मशीनवर कितीतरी वाड्यांची पानं झाली. पुण्याहून चांगली नोकरी सांगून आली तेव्हा मी तिला आग्रह केला होता. ती म्हणाली, "जाईन की, पण हे पान कोण बघेल?" गेली नाही. पुढे तंत्रनिकेतनात शिकवू लागली, आणि तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या मुली आज कुठे कुठे आहेत. मोबाईल घराघरांत आले तसं ते मशीन मागं पडलं, एका उन्हाळ्यात तिनं ते स्वतःच्या हातानं बंद केलं. खंत केली नाही. "काम झालं त्याचं," म्हणाली.

गेल्या आठवड्यात कऱ्हाडहून परत येताना काशीळच्या पुढे एक वाडा नुकताच उतरत होता. मी गाडी थांबवली. का थांबवली सांगता येणार नाही... नुसती बघत उभी राहिले. घोड्यावरचं ओझं खाली आलं, एका म्हातारीनं तीन दगड मांडले आणि चुलीत काटक्या सारता सारता सुनेला हाक मारली, "अगं, मंगलला कळवलं का?" सुनेनं कमरेचा मोबाईल काढला, गावाकडं घरी फोन लावला आणि मुक्काम सांगितला. गावाचं नाव, शेजारच्या गावाचं नाव, आणि का हललो तेही. मी जवळ जाऊन तिला विचारलं, मंगल कोण?

"कोण न्हाई ओ," ती हसून म्हणाली. "मुक्काम पडला की घरी सांगायचं, त्याला आमच्यात असंच म्हणत्यात."