स्वतःचा मामा

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, आणि आता या वयात ती वाकवायचा माझा विचारही नाही. पण त्या पदवीनंतर माझी जी फजिती झाली, ती सांगितल्याशिवाय पदवीची गोष्ट पुरी होत नाही.

पन्नासच्या दशकात वाशीम जिल्हा वेगळा नव्हता. आम्ही सगळे अकोला जिल्ह्याचे आणि कॉलेजही अकोल्यालाच. आमच्या आसेगावातल्या चार घरांनी मिळून तिथे पोरांसाठी एक खोली घेतली होती. ज्वारी, तुरीची डाळ, तिखट सगळं गावाहून जायचं आणि रांधायला माझी आत्या असायची. आत्या फार लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. घरात तिला कोणी वाईट वागवत नसे, पण तिला काही विचारतही नसे. पोरांना खानावळीचं वरण मानवेना, तेव्हा सगळ्यांना एकदम तिची आठवण झाली. चुलीपाशी बसून ती आम्हाला दामटून अभ्यासाला बसवायची. कोणी डुलक्या घ्यायला लागला की म्हणायची, "वाच ना बाबू, वाचता वाचता थांबला काहून?" तिला अक्षर येत नव्हतं, पण वाचणाऱ्याचा आवाज कुठे ढिला पडतो ते तिला बरोबर कळायचं.

मी पास झालो तेव्हा काकांनी गावभर गूळ वाटला. काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आणि त्या खोलीचे कारभारीही तेच. गूळ वाटून झाल्यावर त्यांनी चारही घरांच्या माणसांसमोर मला बजावलं, "आता नोकरी पाह्य. पयलाच पोरगा रिकाम्या हातानं घरी आला, तं खोली बंद. शिकून औतच धरायचं, तं ते अठीसुद्धा धरता येते." माझ्यामागे खोलीत तिघे शिकत होते. त्यांचं कॉलेज माझ्या नोकरीवर टांगलेलं होतं.

पहिली मुलाखत एका कचेरीत झाली. प्रश्न मला सगळे येत होते. पण समोरच्या साहेबांनी सुरुवातीलाच म्हटलं, "स्वतःविषयी सांगा." आणि मी खाली पाहिलं.

आता यात माझं काय चुकलं, हे मला त्या दिवशी खरोखरच कळलं नव्हतं. आमच्याकडे चार मोठ्या माणसांसमोर पोराला बसवून त्याची पारख करतात, ती सोयरीक जुळवताना. तिथे पोरानं तोंड उघडायचं नसतं. त्याचं गुणगान करायला त्याचा मामा असतो. पोरगा शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, ढोरावासरांवर जीव लावतो, हे सगळं मामा सांगतो आणि पोरगा सतरंजीकडे बघत बसतो. जो स्वतःच बोलतो तो आगाऊ. मी घरंदाज पोरासारखा टेबलाच्या पायाकडे बघत बसलो आणि हळूच म्हणालो, "आपणच पहा, साहेब." साहेबांनी पाहिलं आणि दुसऱ्याला घेतलं.

मी आसेगावला परतलो. उन्हाळ्याची सुटी होती, खोलीला कुलूप होतं, आत्याही गावीच होती. विकास योजनेत समाजशिक्षण संघटकाच्या, म्हणजे गावोगावी फिरून मोठ्या माणसांना लिहा-वाचायला लावणाऱ्याच्या, जागा निघाल्या होत्या आणि मुलाखत थोड्याच दिवसांवर आली होती. काका माझ्याशी धड बोलत नव्हते. मीही पेटलेलाच होतो. ओसरीवर बसून साहेबांना शिव्या घालत होतो, तेव्हा आत्या सूप घेऊन शेजारी येऊन बसली.

"त्यानं तुले इचारलं होतं ना?"

"हो."

"मंग?"

"मी खाली पाहिलं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "काहून? तठी काय पोरगी दाखवून राह्यले होते?" आणि ती हसत सुटली. इतकी हसली की मला अजून राग आला. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबू, तठी मामा नसते. तूच तुया मामा हो."

माझी शाळा तिथून सुरू झाली. आमच्या घरी किती सोयरिकी जुळल्या असतील, पण आत्या त्यातल्या एकाही बैठकीत बसली नव्हती. विधवा म्हणून तिला दाराच्या आतच राहावं लागे. पण दाराआडून तिनं सगळे मामा ऐकले होते. कोणता मामा अतिशयोक्ती करून तोंडघशी पडला आणि कोणत्या मामाच्या साध्या बोलण्यावर पाहुणे भुलले, हे तिला पाठ होतं. ती मला समोर बसवायची आणि म्हणायची, "हां मामा, पोरगा कसा हाय?" मी सांगायचो. "गुळमुळीत नको बोलू. चांगला हाय म्हन्जे काय? त्यानं काय केलं ते सांग." मी सांगायचो की पोरानं नांगर धरून मॅट्रिक केलं, खोलीतल्या पोरांना गणित शिकवलं. "आता बरं वाटते," ती म्हणायची. "अन् एक खोट तूच सांगून टाक. सारंच चांगलं सांगतलं तं पाव्हने शेजाऱ्याले इचारतात."

एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. शेलूबाजारच्या बाजाराला तिनं मला बरोबर नेलं आणि एका ओळखीच्या जैन कापड-दुकानदारासमोर उभं केलं. "भाऊ, याले इचारा, हा कसा हाय ते." गिऱ्हाइकांची गर्दी असतानाही त्या भल्या माणसानं गादीवर मांड ठोकून मला असं धारेवर धरलं की माझा घाम निघाला. बाया लुगडी निवडायची सोडून ऐकत बसल्या. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुकानातून उतरलो तेव्हा माझा आवाज मोकळा झालेला होता, हे माझं मलाच जाणवलं.

मुलाखतीच्या दिवशी तीन साहेब होते. मधल्यानं तेच विचारलं, "स्वतःविषयी सांगा." माझी मान खाली जायला लागली आणि मी ती जोर लावून वर आणली. "मुलगा कष्टाळू आहे, साहेब," मी म्हणालो. "नांगर धरून शिकला. खोलीतल्या तीन पोरांचं गणित त्यानंच घेतलं. खेड्यातली माणसं कशी बोलती करायची, हे त्याला येतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कोणता मुलगा?"

"मीच, साहेब," मी म्हणालो. मग काही लपवण्यात अर्थ उरला नव्हता. सोयरिकीची रीत सांगितली, पहिल्या मुलाखतीत काय झालं ते सांगितलं, मामा कोणी शिकवला तेही सांगितलं. मधले साहेब चष्मा काढून हसायला लागले. एक म्हणाले, "आणि मुलात काही खोट?"

"रागीट आहे, साहेब. पण राग गिळून काम करतो."

माझी नेमणूक झाली. काकांनी आत्याचं तोंडावर कौतुक केलं नाही, पण कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात स्वतः बैलगाडीत ज्वारीची पोती चढवू लागले आणि ओरडले, "चाल वं, खोलीवर जायची तयारी कर." ते तिघेही शिकले. त्यांच्या मुलाखतींच्या आधी आत्यानं त्यांनाही एकेकाला मामा केलं. पुढे पुढे मेडशीकडचीही पोरं तिच्याकडे यायला लागली. चुलीपुढे बसून ती भाकरी थापायची आणि पलीकडे एखादा पोरगा घसा खाकरून स्वतःच्या गुणांचं वर्णन करत असायचा. आमच्या भागात त्या काळी मुलांना याहून मोठी मदत कोणी केली असेल, असं मला वाटत नाही.

त्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांनी मिळून मुलांसाठी मोठं वसतिगृह उभं केलं. उद्घाटनाला मांडव घातला होता. पहिल्या खोलीची आठवण म्हणून आत्याला पुढे बसवलं. ती अशा जागी आयुष्यात पहिल्यांदाच बसली होती. आलेले पाहुणे कौतुकानं म्हणाले, "बाई, तुम्ही या मुलांसाठी काय काय केलंत, ते सांगा."

आत्यानं पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत राहिली. "मी काय केलं बाप्पा. सयपाक केला."

मी उठलो.

"मी हिचा मामा बोलतो आहे," मी म्हणालो. आमची सगळी पोरं खदखदून हसली. मी हसलो नाही. "बाई हुशार आहे. दाराआड बसून जे ऐकलं, त्यावर तिनं इतक्या पोरांचं आयुष्य उभं केलं. मी जो बोलतो आहे तो तिच्यामुळे. आणि खोट म्हणाल तर एकच. स्वतःविषयी विचारलं की खाली बघते."

आत्यानं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज खणखणीत होता. भरल्या मांडवात ती म्हणाली, "बस झालं मामा. खाली बस आता. माया पोरायची गोठ मीच सांगतो."

आणि ती उभी राहिली.