लल्ला अकीलाचा सुगंधी गुडघा

लल्ला अकीलाच्या डाव्या गुडघ्यातून गुलाबाचा वास येतो, ही बातमी आधी हमामात पोचली, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत अल्जीरियातल्या आमच्या सगळ्या कुसंतीना शहरात पोचली. गुडघ्यात कोणी अवलिया येऊन बसलाय म्हणे. शेजारची वनासा तर शपथेवर सांगत होती, "मी नुसती दारावरून गेले, तर आतून असा दरवळ आला की माझी अर्धशिशी तिथल्या तिथे उतरली." वनासाची अर्धशिशी सासू आली की चढते आणि सासू गेली की उतरते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण अशा वेळी माझं कोण ऐकतो?

मी सालह, तांबट. अकीलाच्या घराखालीच माझं दुकान; तिला सगळे आदराने लल्ला, म्हणजे बाई, म्हणतात. वसंतात गुलाब आले की आमच्याकडे घरोघर अर्क काढायचं तांब्याचं भांडं बाहेर निघतं. त्याला कल्हई करायची मी, आणि त्यात पाकळ्या भरून गुलाबपाणी उतरवायचं अकीलाने. लग्नघरची माणसं तिला आर्जवं करून नेत, कारण तिच्या हातचा पहिला थेंब बाटलीत पडला की तीन घरांपलीकडे कळे. बाई जिभेने मात्र तिखट. नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात कोणीतरी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तर म्हणाली, "एक पुरवून पुरवून वापरला, आता हौस फिटली."

जन्मभर जमिनीवर बसून जाळ सांभाळताना तिचे गुडघे गेले. डावा फारच गेला, तेव्हा इस्पितळात त्याच्या जागी धातूचा बसवला. त्या वसंतात ती नव्या नवरीसारखी जिना उतरायची, आणि मुद्दाम माझ्या दुकानासमोरून दोनदा जायची. थंडीत मात्र पुन्हा लंगडू लागली. मी विचारलं, "काय झालं गं?"

"तुझं तांबं ठोक," ती म्हणाली.

मग ही वासाची आवई उठली, आणि तिच्या जिन्यावर बायकांची रीघ लागली. कोणी मेणबत्ती आणली, कोणी मेंदी, कोणी भाजलेल्या रव्याची, तूपमधात घोळवलेली तम्मीना. वनासाने तम्मीनाची वाटी पुढे करून गुडघ्याला हात लावू द्या म्हणून गळ घातली.

"अवलिया झोपलाय," अकीला म्हणाली. "वाटी ठेव आणि जा."

"लल्ला, तुम्हाला साखरेचा आजार आहे ना? गोड कसं चालेल?"

"मला नाही चालत. त्याला चालतं."

तिचा मुलगा नदीर राजधानीत, अल्जियर्सला. पाचवा मजला, लिफ्ट, आणि खिडकीतून दिसणारी दुसरी खिडकी. आईने तिथे येऊन राहावं म्हणून तो महिन्या-दोन महिन्यांनी येऊन डोकं फोडायचा. ती म्हणायची, "तुझ्या घरात गुलाब उकळले तर खालचे लोक आगीचा बंब बोलावतील." दुखण्याचं निमित्त मिळालं की आईला उचलून न्यायचं, असं त्याने मला एकदा बोलून दाखवलं होतं. मी ते वर जाऊन सांगितलं. अशी बातमी पोटात ठेवणं माझ्या प्रकृतीला झेपत नाही.

गुलाब उमलले आणि अकीला भांड्याशेजारीच तापाने फणफणत पडलेली सापडली. नदीर धावत आला. आम्ही दोघांनी तिला इस्पितळात नेलं. नर्सने गुडघ्यावरची पट्टी सोडली आणि आधी जाऊन खिडकी उघडली. ऑपरेशनच्या वणावर वाटाण्याएवढं भोक पडलं होतं, आणि सगळा गुडघा लाल होऊन तटतटला होता.

मोठे डॉक्टर आले, पाहिलं आणि म्हणाले, "वय आहे, साखर आहे, विष रक्तात चाललंय. मांडीतून कापू. जीव वाचेल."

नदीरने मान हलवली. "कापा."

अकीलाने डोळे उघडले. "पाय कोणाचा?"

"यम्मा, हट्ट नको करू."

"कापलेल्या पायाचं काय करतात?"

"पुरतात," नदीर हळूच म्हणाला.

"म्हणजे पाय आधी जाणार आणि मी मागाहून? थडग्यात मला हप्त्याहप्त्याने जायचं नाही. जाईन तेव्हा सगळी एकदम जाईन."

मोठे डॉक्टर वैतागून निघून गेले. त्यांच्या हाताखालची डॉक्टर रझिका मागे थांबली. खाटेच्या कडेला बसून तिने मावशी म्हणत समजावलं: "खाल्ती, जंतू धातूला चिकटलेत आणि त्यांनी स्वतःवर शेवाळासारखा बुळबुळीत थर चढवलाय. तुमच्या रक्तातल्या पेशी त्यांना मारायला येतात, पण धातूत रक्त फिरत नाही आणि थर फोडता येत नाही. त्या तिथेच मरतात, त्यातून पू होतो. औषधही वरून वाहून जातं. आणि या मारामारीत शेजारचं हाड झिजत चाललंय."

"म्हणजे माझेच शिपाई माझं घर पाडतायत."

"तसंच."

"मग भाडेकरूला बाहेर काढ की पोरी. घर कशाला पाडता?"

रझिका हसली नाही. धातू काढता येईल, म्हणाली. आतलं सगळं खरवडायचं, पोकळीत औषध कालवलेल्या सिमेंटचा गोळा बसवायचा, काही आठवडे जंतूंवरची कडक औषधं द्यायची, आणि रक्त स्वच्छ आलं की नवा सांधा. नदीरने विचारलं, "पण टेबलावरच काही झालं तर? आणि इतकं करून शेवटी पाय कापावाच लागला तर?"

"तेव्हा कापा. आज नाही."

नदीर बाहेर येऊन माझ्यावर भडकला, "सालहकाका, तुम्ही तरी सांगा तिला." मी म्हटलं, "बाबा, तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षं सांगून पाहिलं."

तिने ऑपरेशनच्या टेबलावर अख्खी सकाळ काढली आणि जिवंत बाहेर आली. नंतरचे आठवडे वाईट गेले. औषधाने अन्न पोटात ठरेना, तरी सुरुव्यात मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्याला तिने वॉर्डात बोलावून घेतलं. ताप उतरला. भोक भरलं.

नदीर गाडी घेऊन आला, तो थेट अल्जियर्सचा रस्ता धरायच्या तयारीने. आईचं बोचकं त्याने गाडीत ठेवलंही होतं. ती म्हणाली, "आधी घर बघू दे." घरासमोर उतरली, काठी घेतली, आणि डावा पाय दांडक्यासारखा ताठ ठेवून एकेक पायरी वर गेली. आम्ही दोघे खाली उभे. बऱ्याच वेळाने उतरली तेव्हा काखेत रिकामं तांब्याचं भांडं होतं. ते तिने माझ्या पुढ्यात आदळलं.

"कल्हई उडालीय. उद्यापर्यंत पाहिजे."

नदीरने बोचकं गाडीतून काढलं आणि वर नेऊन ठेवलं.

नव्या सांध्याची तारीख येते तेव्हा ती म्हणते, "गुलाब संपू देत, मग बघू." सिमेंट चालण्यासाठी नसतं, कधीतरी तडकेल, असं रझिका दर खेपेला बजावते. "तडकलं की येते," असं उत्तर तिला मिळतं. असे तीन मोसम झाले. आता अकीला उंच स्टुलावर बसते, ताठ पाय पुढे सोडून, आणि भांड्यावरचं गार पाणी बदलायला उशीर झाला की मदतीला बसलेल्या वनासाला काठीने ढोसते.

राहिला तो वास. जखमेच्या भोकातून पू येत होता. नदीरला दुर्गंधी आली असती तर तो तिला त्याच दिवशी घेऊन गेला असता, म्हणून ती रोज पट्टीवर घरचं गुलाबपाणी ओतत होती. अवलिया कोणी नव्हता.