जवळ्यातलं तूस

"ओ सायेब, ह्यातला जवळा कुठला नि तूस कुठला, दाखवा बघू मला!"

हिराबायने सूप माझ्या नाकाखाली धरलं. मी चष्मा पुसून वाकलो. दोन्ही पिवळट, दोन्ही हलकं, दोन्ही बारीक. एकाला डोळे दिसले म्हणून मी "हा जवळा" म्हटलं. पुढचं सांगता येईना.

मी बोईसर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. आम्ही राइस मिलची मशिनं बनवतो. ती बसवायची, चालवून दाखवायची आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची, हे माझं काम. पाम गावाच्या पुढे, किनाऱ्याकडच्या एका गावात विलासदादांनी नवी भातगिरणी घातली होती. त्या दिवशी ट्रायल होती.

भाताचं साल काढतो तो शेलर. त्यात रबराचे दोन रोल असतात. एक जोरात फिरतो, एक सावकाश. दाणा मधे चोळला जातो आणि साल सुटतं. तेच तूस. पुढे अ‍ॅस्पिरेटर, म्हणजे हवा ओढणारा पंखा. हलकं तूस तो पाइपातून बाहेर फेकतो, जड तांदूळ खाली पडतो. ट्रायल झकास झाली. पाइपाचं तोंड मी समुद्राकडे केलं होतं, कारण त्या बाजूला घर नव्हतं.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. सगळं तूस छपरावरून उलटं आलं आणि मागच्या अंगणात उतरलं. तिथे हिराबायचा जवळा, म्हणजे ती इवलीशी कोळंबी, वाळत पसरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोईसरच्या बाजारात जायचा होता.

"पाखडून बघा ना," मी म्हटलं.

"पाखडला. तूस उडतो तसा जवळापण उडतो."

विलासदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही शेजारीण हाय माझी. हिचा जवळा साफ नाय झाला तर सही नाय. मशीन उचला नि न्या."

मी कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"पाइप कुठे काढलास?"

"पश्चिमेला, सर."

"समुद्र कुठे आहे?"

"पश्चिमेलाच, सर."

"मग वारा कुठून येणार?"

मी मान वर करून पाइपाकडे बघितलं.

"सायक्लोन लागेल तिथे," साहेब म्हणाले.

रेंज धड नव्हती म्हणून मी ओरडून विचारलं, "सायक्लोन उद्या नक्की येतोय ना, सर?"

फोन ठेवेपर्यंत हिराबायचा नवरा होडी वर ओढायला किनाऱ्याकडे पळाला होता. त्याच्यामागे आणखी चौघं. आमचा सायक्लोन म्हणजे पत्र्याचं मोठं नरसाळं. तूस त्यात गरगर फिरतं आणि खाली पोत्यात पडतं. हे मी धावत जाऊन समजावलं, पण तोवर दोन होड्या वर आल्या होत्या. धाप लागलेल्या माणसांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

राहिला जवळा. तो तुसापेक्षा किंचित जड असणारच, असा हिशेब करून मी शेलर बंद ठेवला आणि एक सूपभर जवळा थेट अ‍ॅस्पिरेटरमध्ये सोडला. तूस उडालं. जवळाही उडाला. बाहेर कावळ्यांची चंगळ झाली.

"आता काय उरलाय तो कावल्यांनाच घाला!" हिराबाय कडाडली.

हवा कमीजास्त करायला एक झडप असते, तिला डँपर म्हणतात. मी तो जवळजवळ बंद करून मूठभर जवळा टाकून बघितला. मग केसभर उघडला. पुन्हा मूठभर. असं करत करत एकदाची जागा सापडली. तूस वर गेलं, जवळा खाली पडू लागला, स्वच्छ! हिराबायने चिमूट उचलून उन्हात धरली, चावून बघितली.

"धूळ पण गेली रे ह्यातली," ती म्हणाली. मग घरी जाऊन जवळ्याच्या आणखी दोन टोपल्या घेऊन आली. त्यांच्यात तूस नव्हतंच. तिच्यामागे जावाही आल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः सायक्लोन घेऊन आले. तो बसवला, भात घातला, मशीन सुरू केलं. साहेबांनी ओंजळभर तांदूळ उचलून कौतुकाने नाकाशी नेला. साहेब कांदासुद्धा खात नाहीत.

"हा कसला वास?"

"आमच्याकडे ह्योच वास चांगला समजतात, सायेब," विलासदादा म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आतून मशीन धुवायला मला अख्खा दिवस लागला. आता कुठल्याही साइटवर पाना हातात घेण्याआधी मी इमारतीला एक फेरी मारतो आणि कोणाच्या अंगणात काय वाळतंय ते विचारतो. आमच्या मॅन्युअलमध्येही एक सूचना वाढली आहे : 'या मशीनमधून फक्त भात काढावा.' नवीन गिऱ्हाइकं विचारतात, यात सांगण्यासारखं काय आहे?