पाऊरोमामाची सालीसकट बिअर

पाऊरोमामाला संत्र्यांबद्दल काहीही विचारा, तो आधी मामी कुठे आहे ते बघतो. मग हळूच सांगतो, "बिअरमध्ये रस घालायचा. नुसता रस. साल नको, चोथा नको." ही अक्कल त्याला एका शनिवारी आली.

मामी, म्हणजे तेरेमोआना, तेव्हा भांडून आमच्या अतिऊ बेटावरून रारोटोंगा बेटावर माहेरी गेली होती. भांडण कशावरून झालं, ते दोघं वेगवेगळं सांगतात. मग एकदा तिचा फोन आला. "शनिवारच्या विमानानं अतिऊला येतेय. धावपट्टीवर दिसलास तर राहीन. नाही दिसलास तर त्याच विमानानं परत."

नेमकं त्याच सुमारास, गावाला आजवर बिअर करून वाढणाऱ्या म्हाताऱ्या पापा मोकोरोआंचे गुडघे गेले आणि बिअरचं पिंप त्यांनी मामाच्या हवाली केलं. माडाच्या खोडाचं पिंप, करवंटी एक, वाढणारा एक, सगळे गोल बसलेले. पिंप रिकामं झालं की प्रार्थना, आणि प्रार्थना झाल्याशिवाय वाढणाऱ्यानं उठायचं नाही. मामानं विचार केला, सकाळीच बसू, विमान यायच्या आत मोकळे होऊ.

पहिलीच खेप, तेव्हा काहीतरी करून दाखवायला हवं. पापा संत्र्यांचा रस ओतायचे. यानं टोपलीभर संत्री सालीसकट चिरून आत लोटली. रसाला एवढी चव, तर अख्ख्या फळाला किती!

शनिवारी करवंटी बुडवली, तर वर आला नुसता चोथा. फडकं आणलं. प्रत्येक करवंटी गाळायची, फडकं पिळायचं, बिया झटकायच्या, मग पुढच्याला द्यायची.

"जेवायला वाढतोयस का प्यायला?" शेजारी बसलेला आपेराऊ म्हणाला. हा बोलतो तेव्हा नाकात शिट्टी अडकल्यासारखं वाटतं.

"जरा कडू झालीये," मामा म्हणाला.

"जरा? माझी जीभ उठून घरी गेली!"

पापा मोकोरोआ एकेक शब्द जमिनीतून उपटल्यासारखे बोलतात. "घाई... नको. गाळ... पाऊरो... नीट गाळ."

पिंप अर्धंही झालं नव्हतं आणि विमानाची घरघर आली. सगळ्यांनी झावळ्यांच्या छपराकडे बघितलं.

"कुणीतरी जा ना रे धावपट्टीवर," मामा रडकुंडीला आला.

"बायको तुझी," आपेराऊ म्हणाला. "मी तिला गाडीवर बसवून आणली, तर माझी मला घरात घेईल का?"

"पापा, मी उठू?"

"ऊठ की," पापा म्हणाले. "माझ्या बापाचं... छप्पर उडालं वादळात. तो पिंपाशीच होता. उठला... नाही."

मामा बसला. करवंटी काठोकाठ भरायला लागला, म्हणजे पिंप लवकर संपेल. झालं उलटंच. लोकांना चढली आणि भाषणं सुरू झाली. आपेराऊनं एक स्तोत्र धरलं, सगळी कडवी म्हटली, मग आवडलं म्हणून परत पहिल्यापासून. मामा फडकं पिळत होता. त्याला वाटत होतं, आपलीच मान पिळतोय.

घरघर पुन्हा झाली. विमान वर चढलं, लहान होत गेलं, ऐकू येईनासं झालं. आपेराऊनं स्तोत्र अर्ध्यावर सोडलं.

शेवटची करवंटी रिकामी झाली. पापांनी करवंटी पिंपावर ठोकली आणि प्रार्थना धरली. "देवा... विमानात बसलेल्या सगळ्यांना... सांभाळ..." मामाचे डोळे गच्च मिटलेले.

"आमेन," मागून बाईचा आवाज आला.

मामी उभी होती. हातात बॅग, कपाळावर आठ्या.

"तू... गेली नाहीस?"

"गेलेच होते परत चढायला! सगळ्या जागा चर्चच्या गाणाऱ्यांनी अडवलेल्या." तिची नजर फडक्यावर गेली. "हे काय?"

"संत्री."

"सालीसकट?"

मामीनं एक साल उचलून चावली आणि थुंकली.

"पुढचं विमान सोमवारी. तोवर मीही इथंच अडकले," ती म्हणाली आणि बॅग खाली ठेवली. "आधी ते पिंप धू. मग बघू."

मामानं पिंप घासायला घेतलं. अंधार पडला तरी तो घासतच होता, कारण पिंप धुऊन झालं की पुढचं 'बघू' सुरू होणार होतं.